अंगठ्याखालची शांतता

सांगून कोणाला पटणार नाही, पण एका माणसाने आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याने शांतता तयार केली आणि दोन पिढ्यांनी ती उशाशी घेऊन रडून घेतलं. खोटं वाटत असेल तर साठी उलटलेल्या कुठल्याही माणसाचं कपाट उघडा. जुन्या रेकॉर्डींच्या चवडीत ती एक सापडेलच. मुखपृष्ठावर रिकाम्या खुर्चीचा फोटो, खाली गायक ढांग्याचं एकट्याचं नाव. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लावा. ढांग्या गिटार छेडत विचारतो, ‘कोण आहे घरात?’ आणि पुढे काही नाही. गिटार नाही, गळा नाही, श्वाससुद्धा नाही. फक्त लाकडावर बुटाचा ठोका, टप, टप, टप, जसं कोणी बंद दाराबाहेर उभं राहून वाट बघतंय. मग पुन्हा गिटार आणि पुढचा प्रश्न. असे नऊ प्रश्न, आणि नऊ वेळा काही नाही. एका प्राध्यापकाने या नऊ शांततांवर चाळीस पानी निबंध लिहिला आणि त्यावर त्याला डॉक्टरेट मिळाली. लोकांनी हे गाणं प्रेताशेजारी लावलं, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करून घरी आल्यावर लावलं. आणि मुळात, हसू नका, ते थट्टेचं गाणं होतं.

ज्याचा तो अंगठा, त्याला स्टुडिओत अंगठेबहाद्दर म्हणत. सही येत नव्हती म्हणून नव्हे, चांगली वळणदार यायची. पण आवाज कमीजास्त करायच्या ज्या खुंट्या वरखाली सरकतात, ते फेडर, बाकीचे तंत्रज्ञ बोटांनी चालवत आणि हा अंगठ्याने. पुढे नुसतं बहाद्दर राहिलं. आता बहाद्दर पंचाहत्तरीचा होता, कान शाबूत होते, गेल्या सोमवारी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि दर दोन तासांनी बायको त्याच्या डोळ्यात औषधाचा थेंब घालत होती. बायको गजर लावून ठेवायची. गजर वाजला की, “वर बघ.” त्याने मान मागे टाकायची, तिने खालची पापणी ओढायची, एक थेंब, मग तिची करंगळी डोळ्याच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं. “डोळा मिटून ठेव. उघडलास तर सगळं वाहून जाईल.” त्या दोन मिनिटांतच फोन आला. त्याला फोनचा पडदा दिसत नव्हता म्हणून बायकोने फोन सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा चालू केला.

“काका, बसलाय ना? नसलात तर बसा,” पलीकडून भट्टीवाली म्हणाली. ही चाळिशीतली बाई जुन्या ध्वनिफिती दुरुस्त करायची. “फीत सापडली.”

“कुठली?”

“कुठली म्हणून काय विचारता! ‘कोण आहे घरात’ची. मूळ, आठ ट्रॅकची. रेकॉर्ड कंपनीचं गोदाम जळालं तेव्हा ती तिथं नव्हतीच मुळी. छापखान्यात मुखपृष्ठांच्या गठ्ठ्याखाली पडली होती पंचेचाळीस वर्षं. चिकटलीय, पण जीव आहे. आत्ताच भट्टीत घातली. उद्या अकराला या. कंपनीला तुमचा किस्सा तुमच्याच तोंडून हवाय, नव्या आवृत्तीत घालणार आहेत. काकूंनाही आणा, नाहीतर असे डोळे घेऊन कसे येणार?”

बायकोची करंगळी डोळ्याच्या कोपऱ्यावर होती तशीच राहिली. त्याने डोळा उघडला नव्हता, तरी सगळं वाहून गेलं.

जुनी फीत भाजावी लागते हे बाहेरच्यांना चेष्टा वाटते. पण फितीवरचा मसाला ज्या डिंकाने धरलेला असतो तो काही वर्षांनी ओल पितो आणि पाघळतो. तशीच यंत्राला लावली तर आवाज खरवडून निघतो, हाती फक्त तपकिरी चिखल. म्हणून ती मंद आचेवर आठ तास शेकायची, तितकाच वेळ निवू द्यायची, मग महिनाभर ती शहाण्यासारखी वाजते आणि पुन्हा रुसते. हे बहाद्दरला माहीत होतं. गोदामाला आग लागली ती वार्ता ऐकून तो आत्ताच्यासारखाच एका खुर्चीत बसला होता, आणि त्याला इतकी भूक लागली होती की बायकोने विचारलं होतं, “आज काय एवढं?” त्या आगीचाही त्याने पुढे किस्सा केला. जळताना फिती गात होत्या म्हणे, बंबवाल्यांनी टोप्या काढल्या म्हणे. लोक ऐकायचे. ‘कोणाचा विश्वास बसणार नाही, पण’ असं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात, हे त्याला पाठ होतं. विश्वास बसणार नाही म्हणून सांगितलेल्या गोष्टीवर माणसं सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात, हेही.

आणि त्याचा सगळ्यात मोठा किस्सा रिकाम्या खुर्चीचा. हे गाणं दोघांचं होतं, ढांग्याचं आणि त्याच्याबरोबर गाणाऱ्या एका चष्मेवालीचं; त्या दुपारी ती आलीच नाही; ढांग्या तिची रिकामी खुर्ची समोर ठेवून गायला, प्रत्येक प्रश्नानंतर गिटारवरचा हात उचलून खुर्चीकडे बघत थांबला; एकाच दमात गाणं झालं; आणि चौथ्या शांततेत, कान देऊन ऐका, खुर्ची आपणहून करकरते. नऊ-दहा वर्षं सांगितल्यावर लोकांना ती करकर ऐकूही यायला लागली. प्राध्यापकाच्या निबंधात तिला तीन पानं होती.

चष्मेवाली त्या दुपारी आली होती. चष्मेवाली आता त्याच्या डोळ्यात थेंब घालत होती.

स्टुडिओ तळघरात होता, आधी तिथे बुटांचं गोदाम होतं, आणि भिंतींना कांबळी ठोकली तरी कातड्याचा नि सरसाचा वास जात नसे. उन्हाळ्यात तो वास फितींना लागायचा. बहाद्दर अजूनही नव्या बुटांचा खोका उघडला की दचकतो. चष्मेवालीला काचेच्या खोलीत एकटीने गाता येत नसे. “मला त्याचे हात दिसले पाहिजेत,” ती म्हणायची, “नाहीतर मला कळतच नाही कुठे श्वास घ्यायचा.” म्हणून ती ढांग्याच्या समोर तीन हातांवर खुर्ची टाकून बसायची, आणि बहाद्दर वैतागायचा, कारण इतक्या जवळ बसलं की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये पाझरतो. आठ ट्रॅक म्हणजे एका फितीवर शेजारी शेजारी राहणारी आठ बिऱ्हाडं. भिंत कितीही घाला, एकाकडचं बोलणं दुसऱ्याकडे जातंच. पहिल्या ट्रॅकवर ढांग्याचा गळा आणि गिटार. तिसऱ्यावर ती. त्या दुपारी ते दोघं जे गायले तसं बहाद्दरने आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. ‘कोण आहे घरात?’ ‘मी आहे, अजून कोण असणार?’ ‘दिवा का नाही लावलास?’ ‘तेल तू आणणार होतास ना!’ नवराबायको दाराच्या आतून-बाहेरून भांडतात तसं, गालात हसत. शेवटच्या उत्तराला तिला हसू आवरलं नाही आणि ते हसूही सुरात आलं. मग ढांग्या म्हणाला, आता यावर बुटाचा ठोका हवा, लाकडी खोक्यावर. सहावा ट्रॅक. “माझ्या कानात फक्त माझाच ट्रॅक दे रे,” तो म्हणाला. “हिचं ऐकलं की माझा पाय थांबतो.”

प्रत्येक ट्रॅकला एक छोटी कळ असते. वर केली की त्या ट्रॅकवर नवं उमटतं आणि जुनं पुसतं. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, लाल बटण दाबण्याआधी कळा बघ. बहाद्दरने सहावी कळ वर केली. चष्मेवालीचा माइक त्याने बंद केला होता, पण तिसरी कळ मघापासून वरच होती, ती खाली करायची राहिली, कारण त्या क्षणी तो काचेतून बघत होता. काचेपलीकडे चष्मेवालीने चष्मा काढला आणि ढांग्याच्या सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. ढांग्या खोक्यावर पाय जमवत होता, त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. एवढंच. सदऱ्याचं टोक. एखाद्या दोरीवरच्या पंच्याला आपण हात पुसावेत, इतक्या सहज. बहाद्दरने लाल बटण दाबलं. दोन दिवे लागले. एक सहावा, एक तिसरा.

त्याने पाहिले ते. इथे तो पंचेचाळीस वर्षं येऊन थांबत आला आहे, आंघोळीच्या बादलीपाशी, बसच्या रांगेत, दाढीच्या आरशासमोर. दिवे त्याने अकराव्या सेकंदाला पाहिले. घड्याळ समोरच होतं. पहिलं उत्तर अजून यायचं होतं. गाण्याचा तोंडचा भाग तेवढा पुसला होता आणि तिथे तिचा आवाज नव्हताच. म्हणजे तिथपर्यंत झाली ती नुसती चूक, कोणाचीही होते तशी, आणि तिने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. गाणं चार मिनिटं सात सेकंदांचं. उरलेल्या तीन मिनिटं छप्पन्न सेकंदांना काय म्हणायचं? हात बधिर झाला होता, असं तो कधी म्हणायचा. मध्येच थांबवलं तर ढांग्या चार लोकांत अपमान करेल, असं कधी. पण हात बधिर नव्हता. त्याला अंगठ्याखाली बटणाची गरम कड लागत होती, आणि काचेपलीकडे ती चष्मा घालून ढांग्याच्या पायाकडे बघत ओठांनी आपली उत्तरं म्हणत होती, आवाज न करता, आणि इकडे तीच उत्तरं एकेक करून पुसली जात होती. त्याला फार शांत वाटलं होतं. हे त्याने कोणालाच सांगितलेलं नाही. इतकं शांत त्याला पुढे लग्नातही वाटलं नाही.

“ऐकव ना रे,” ती आत येऊन म्हणाली होती. “यंत्र तापलंय,” तो म्हणाला. “उद्या.”

तो उद्या उजाडला आणि त्याने दोघांना दोन गोष्टी सांगितल्या. त्या आठवड्यात त्यांचं वाजलंच होतं, मुखपृष्ठावर कोणाचं नाव आधी यावरून. दोघंही मानी, एकमेकांना विचारायला जाणार नाहीत हे तो जाणून होता. ढांग्याला तो म्हणाला, “ती म्हणते तिचा आवाज काढून टाक, तिला तुझ्याबरोबर नाव नको.” ढांग्या बराच वेळ गिटारच्या खुंट्या पिळत राहिला, तार तुटेपर्यंत. आणि तिला तो म्हणाला, “चौथ्या उत्तराला तू उतरलीस. पाव सूर. तिथून पुढे सावरलंच नाही. ढांग्या म्हणाला, तिला सांगू नकोस, गुपचूप काढून टाक.” ती म्हणाली, “उतरले? मला कळलं कसं नाही?” तो म्हणाला, “ज्याचं त्याला कळत नाही.” बाकीचं काम अंगठ्याने केलं. पहिल्या ट्रॅकमध्ये, ढांग्याच्या गिटारमागे, तिची नऊच्या नऊ उत्तरं पाझरलेली होती, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून यावीत तशी. म्हणून प्रत्येक उत्तराच्या जागी त्याने तो अख्खा ट्रॅक अंगठ्याने खाली ओढला. गिटार गेली, श्वास गेला, राहिला बुटाचा ठोका. हीच ती शांतता. ढांग्याने ती ऐकली आणि म्हणाला, “हेच ठेव. तिची जागा रिकामीच राहू दे.” बहाद्दरला एवढंच करायचं उरलं होतं की पहिला ट्रॅकही पुसून टाकायचा. त्याने एक संपूर्ण दुपार बटणावर अंगठा ठेवून काढली. पण तिचा आवाज जगात आता तेवढाच उरला होता.

चष्मेवालीने गाणं सोडलं. रडली नाही, कोणाला बोलली नाही, नळ बंद करावा तसं सोडलं. चष्म्याच्या दुकानात लागली, आणि तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत विचारत राहिली, “आधीचं बरं की आत्ताचं?” दोन वर्षांनी तिने बहाद्दरशी लग्न केलं. म्हणाली, “तू निदान खरं तरी सांगितलंस.” लेक झाली तेव्हा तिला झोपवताना ही गायची नाही, आकडे म्हणायची, एक, दोन, तीन, सपाट आवाजात, शंभरापर्यंत. आकड्यांत कोणी उतरत नाही. शेजारच्या खोलीत बहाद्दर ते आकडे ऐकत पडायचा. लेक मोठी झाली, दूर गेली, अजून तिला झोप आली नाही की ती आकडे म्हणते आणि हसून सांगते, “आमच्या घरची अंगाई!” खुर्चीचा किस्सा लोकांत पसरला तेव्हा बायकोने ऐकून घेतला आणि म्हणाली, “बरंच झालं. बेसूर होते म्हणण्यापेक्षा नव्हतेच म्हटलेलं चांगलं.” मध्ये एकदा ढांग्याचा फोन आला होता. “ती गाते का?” “नाही.” “बरं.” एवढंच. ढांग्याने पुढे एकही धड गाणं केलं नाही, याच वर्षी भाड्याच्या खोलीत एकटा गेला. म्हणून तर कंपनीला नव्या आवृत्तीची घाई. बातमी वाचून बायकोने वर्तमानपत्राची नीट चौकोनी घडी केली आणि ती त्याच्या हातात दिली, जेवणाच्या टेबलाचा पाय डुगडुगतो त्याखाली ठेवायला.

“फीत भाजली तर सगळंच परत येतं का रे?” दुसऱ्या दिवशी टॅक्सीत तिने विचारलं.

“जे असेल ते येतं. पुसलेलं नाही येत.”

“माझं पुसलंयस तू.”

“त्याने सांगितलं म्हणून.”

“ते झालंच.” तिने औषधाची बाटली पर्समध्ये उभी आहे ना बघितलं. बहाद्दर काळ्या चष्म्याआडून रस्ता बघत होता. ऑपरेशननंतर पांढरं फार पांढरं दिसत होतं, प्रत्येक माणसाभोवती दिव्यासारखी कड. जायचंच नाही असं त्याने सकाळी ठरवलं होतं. पण तो गेला नाही तर भट्टीवाली एकटी फीत लावेल, एकेक ट्रॅक सुटा ऐकेल आणि फोन करेल, खोलीभर ऐकू जाणारा फोन. गेलं तर निदान फेडरपाशी बसता येईल. तिने चौथं उत्तर ऐकलं तर काय, हा विचार तो शेवटापर्यंत नेत नव्हता. अर्ध्यात सोडत होता. तिने त्याच्यात एकच गोष्ट पाहून संसार केला होता, याने निदान खरं सांगितलं. ती गोष्ट गेली की उरतं काय? एक म्हातारा आणि त्याचे किस्से. थेंब घालणारा हातही नाही.

भट्टीवालीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, फितीची तपकिरी धूळ, कोपऱ्यात पेटीएवढी भट्टी आणि मध्ये ते यंत्र, दोन रिळांचं, बहाद्दरच्या वेळचंच. “या या, काका-काकू!” ती म्हणाली. “काकू, तुम्ही इथे, काकांशेजारी. तुम्हाला एकदा विचारायचंच होतं, ती खुर्चीवाली बाई तुम्ही पाहिली होती का हो? दिसायला कशी होती?”

“जाड भिंगाचा चष्मा होता,” बायको म्हणाली. “बाकी आठवत नाही.”

“बिचारी. त्या दिवशी आली असती तर केवढी नावारूपाला आली असती!” भट्टीवालीने माइक बहाद्दरच्या तोंडापाशी आणला. “काका, तुम्ही फेडरवर बसा. गाणं चालू ठेवते, तुम्ही वरून बोलत जा. तिसऱ्या ट्रॅकवर काहीच नाही, मी सकाळी मीटरची सुई बघितली. रिकामा आहे. म्हणजे तुमचा किस्सा खराच.”

“खराच म्हणजे!” बहाद्दर म्हणाला. सुई हलत नाही. पंचेचाळीस वर्षांनी यंत्राने साक्ष दिली होती, आणि ती त्याच्या बाजूने. त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला, बोटांनी चाचपत पहिला फेडर शोधला. अंगठा आपणहून खाचेत बसला. “कोणाचा विश्वास बसणार नाही,” त्याने माइकमध्ये सुरुवात केली, “पण त्या दुपारी तळघरात आम्ही तिघंच होतो, मी, ढांग्या आणि एक रिकामी खुर्ची.” रिळं फिरायला लागली. कातड्याचा वास आला, किंवा त्याला तसं वाटलं. गिटार आली, आणि मग ढांग्या, चोवीस वर्षांचा, भाड्याची खोली अजून फार दूर, ‘कोण आहे घरात?’ अंगठा खाली. टप, टप, टप. “बघा, हात उचलला त्याने,” बहाद्दर म्हणाला. अंगठा वर. ‘दिवा का नाही लावलास?’ अंगठा खाली. टप, टप. भट्टीवालीने डोळे मिटले होते. “अंगावर काटा येतो हो काका,” ती पुटपुटली. तो बोलत राहिला, खुर्चीचं सांगत राहिला, ती कशी वेताची होती, तिच्या पाठीवर कोणाची शाल राहिली होती. शाल आजच आली होती किस्स्यात, आणि छान बसली. आणखी सात. सात वेळा अंगठा, आणि मग फीत मिटून खोक्यात.

पर्समध्ये गजर वाजला.

“वर बघ,” बायको म्हणाली.

“अगं, आत्ता...”

“दोन तास झाले. वर बघ.”

त्याच्या हनुवटीखाली तिचा हात आला आणि मान मागे गेली, रोजच्यासारखी; आठवडाभरात मानेला सवय लागली होती. थेंब पडला. खोली विरघळली. करंगळी डोळ्याच्या कोपऱ्यावर टेकली आणि तिचा दुसरा हात, बाटली खाली ठेवून, त्याच्या उजव्या मनगटावर येऊन बसला. घट्ट नव्हे. नुसता. ढांग्याने विचारलं, ‘ओळखलंस का मला?’ अंगठा खाली यायला हवा होता. तो शोधत होता, खाच सापडत नव्हती, मनगट हलत नव्हतं. आणि गिटारच्या मागून, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून यावा तसा, बारीक, ओला, हसू दाबलेला एक आवाज म्हणाला, ‘ओळखलं रे, पावलांवरून ओळखलं.’

भट्टीवालीने डोळे उघडले असावेत. “काका,” ती म्हणाली, “खुर्ची रिकामी होती ना? मग ही कोण गातेय?”

“त्याचं असं आहे,” मान मागे टाकलेली, डोळा मिटलेला, बहाद्दर म्हणाला. “यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण फीत कधीकधी...”

“गप्प,” बायको म्हणाली. “चौथं येतंय.”

मनगटावरचा हात आता घट्ट झाला. ढांग्याने चौथा प्रश्न विचारला. त्याला उत्तर आलं, पुरतं, वरच्या सुरापर्यंत चढून तिथे टेकलं, थांबलं, आणि तोल न जाता खाली आलं. बुटाचा ठोका त्याच्याबरोबर चालत होता. करकर कसलीच नव्हती. पाचवा प्रश्न सुरू झाला तरी बायको हलली नाही. तिचा श्वास त्याच्या कपाळावर लागत होता, आणि त्याला कळलं की ती ओठांनी उत्तरं म्हणते आहे, आवाज न करता. मग तिने करंगळी काढून घेतली. डोळ्यातलं औषध त्याच्या कानापर्यंत वाहत गेलं.

“पाव सूर म्हणाला होतास,” ती म्हणाली, माइक चालू होता तिथेच, सपाट आवाजात, आकडे म्हणायची तशी. “चौथ्याला उतरले म्हणाला होतास. कुठंही उतरलेले नाही मी. खोटं बोललास तू.”